चार यंत्रं, एक कपाळ

…आणि वर मलाच विचारतात, "कपाळाला काय झालं?" काय झालं म्हणजे? हातोडी बसली! हाडात सळई ठोकायची हातोडी, अख्खी स्टीलची, सुताराच्या हातोडीने उठून खुर्ची द्यावी अशी! आईने विचारलं, टॅक्सीवाल्याने आरशातून बघत विचारलं, पाववाल्याने तर पाव बाजूला ठेवून टेंगळाला बोट लावून बघितलं, खरं आहे की चिकटवलंय म्हणून… आणि मी सगळ्यांना एकच सांगतो, बाबांनो, हे घड्याळामुळे झालं. "घड्याळ पडलं का डोक्यावर?" नाही हो! घड्याळ पडलं असतं तर मी पेढे वाटले असते! आणि एवढं सगळं ऐकून घेतल्यावर या मेकनेस शहरात जन्माला आलेला प्रत्येक माणूस जे विचारतो ते विचारतातच. "किती वाजता लागलं?" मी म्हणतो, साडेपाचला. की लगेच भुवया वर… "जुने की नवे?"

जुने की नवे! अहो, हाच तर सगळा घोटाळा आहे! वर्षभर आमची घड्याळं सरकारच्या हुकमाने एक तास पुढे, ती नवी वेळ. रमजान लागला की एक तास मागे, ती जुनी वेळ. ईद झाली की पुन्हा पुढे. आणि लोक? लोक आपापल्या मर्जीने! माझी आई बाराही महिने जुन्या वेळेवर चालते. म्हणते, जुनी देवाने दिलेली आहे, नवी सरकारने दिली, सरकारने दिलेलं काय काय टिकलं ते सांग. खालचा न्हावी नव्या वेळेवर. दोघांनी भेटायचं ठरवलं तर आधी तह करावा लागतो. बरं, माणसांचं एक वेळ चालतं, माणूस माणसाला विचारून घेतो. यंत्र यंत्राला विचारतं का हो, "बाई गं, तुझे जुने की नवे?"

नाही विचारत. तिथे मी आलो.

मी इंजिनिअर, अनवार माझं नाव, हॉस्पिटलची यंत्रं बघणारा. कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा डोक्यात एकच किडा होता. म्हटलं, ऑपरेशन चालू असतं तेव्हा प्रत्येक यंत्र आपापलं काहीतरी टिपून ठेवत असतं. मॉनिटर नाडी टिपतो, प्रेशर टिपतो. डोक्यावरच्या दिव्यातला कॅमेरा जखम बघतो, बोलणं ऐकतो. रक्त थांबवायला मांस जाळणारं यंत्र असतं, आम्ही त्याला जाळणी म्हणतो, ते पायाने कधी दाबलं हे टिपतं. ही सगळी टिपणं एका रेषेवर आणून ठेवली, सेकंदाला सेकंद जुळवला, तर काय होईल? सत्य दिसेल! कोण काय बोललं, तेव्हा पेशंटचं काय चाललं होतं, हात कुठे होता… लपवालपवी बंद! मोठ्या डॉक्टरांची मिजास बंद! मी तर हातोडीच्या दांड्यालाही एक नखाएवढा सेन्सर लावला, घाव कधी पडला आणि किती जोरात ते टिपायला. चार यंत्रं, चार साक्षीदार, एक वेळ! मला वाटलं, मी क्रांती करतोय.

क्रांती! तुम्हाला सांगतो, पहिल्या दिवशी चौघांची घड्याळं उघडून बघितली आणि मी जमिनीवर बसलो. मॉनिटर नव्या वेळेवर, रमजान लागलाय हे त्याला कोणी कळवलंच नव्हतं. कॅमेरा जुन्या वेळेवर, तो आपला आपण बदलणारा, धर्मपरायण. जाळणी ज्या देशात बनली तिथल्या वेळेवर, आणि तारीख अशी की त्या दिवशी मी शाळेत होतो. आणि माझी हातोडी? तिला वेळच नाही! बॅटरी घातल्यापासूनची मोजते, जशी काही तिच्या आधी जगच नव्हतं. मी डायरेक्टरसाहेबांकडे गेलो, सी बेलघितींकडे; सी म्हणजे आमच्याकडे श्रीयुत. म्हटलं, साहेब, सगळी यंत्रं एका वायरने जोडून द्या, सगळ्यांना एकच घड्याळ मिळेल. ते दाढी खाजवत म्हणाले, "उत्तम कल्पना. ईदनंतर बघू." मी विचारलं, कुठल्या ईदनंतर? म्हणाले, "पोरा, रोजा आहे, वाद घालू नकोस, तोंड सुकतं."

रोजा आहे! आता हे ऐका, कारण इथूनच मारामारी सुरू होते. रमजानात आमच्याकडे शेवटचा एक तास असतो, रोजा सुटल्याचा भोंगा वाजायच्या आधीचा. त्या तासात पाणी नाही, कॉफी नाही आणि मुख्य म्हणजे सिगरेट नाही. त्या तासात आमच्या लोकांच्या अंगात जे येतं त्याला आम्ही तरमदीना म्हणतो. एरवी मुंगी चिरडली तर हळहळणारी माणसं त्या तासात एकमेकांची गचांडी धरतात! परवा आमच्या गल्लीत दोघे जण कोथिंबिरीच्या जुडीवरून भिडले, एकाचा दात जुडीत सापडला. टॅक्सीवाले सीटखालचा लोखंडी गज काढून उभे राहतात, मागच्याने हॉर्न जरा लांब दिला म्हणून. मधात घोळलेल्या शेबाकिया मिठाईच्या दुकानासमोर तर रोज रक्त सांडतं, मधमाश्यांना कळेना कशावर बसावं! आणि भोंगा वाजला, पहिला खजूर तोंडात गेला, हरीरा सुपाचा पहिला घोट पोटात उतरला, की हेच लोक एकमेकांच्या डोक्याचं चुंबन घेतात. "माफ कर भाऊ." "माफ." संपलं! आणि भोंग्यानंतर जे माफ केलं ते पुन्हा काढायचं नाही, हा आमच्याकडचा कायदाच आहे. सरकारचे कायदे मोडतील, हा नाही मोडायचा.

तर अशा त्या शेवटच्या तासात सी बूश्ता आला. आला कसला, आणला! अंडीविक्या माणूस, दांडगा. पावाच्या रांगेत "माझा नंबर" "तुझा कसला नंबर" झालं, कोणीतरी त्याचीच हातगाडी त्याच्याच अंगावर उलटवली, मांडीचं हाड मधून कडकन तुटलेलं, अंगभर अंड्याचा बलक. तशा अवस्थेत स्ट्रेचरवरून ओरडतोय, "सोडा मला, त्याचा कान अजून माझ्या हातात यायचाय!" भूल दिली तेव्हा गप्प झाला.

भूल कोणी दिली? लल्ला इत्तोने, लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. आमची भूल देणारी सिस्टर, डोंगरातली बाई, हनुवटीवर आजीसारखं हिरवं गोंदण नाही एवढंच, बाकी जीभ तीच. भुलेचे डॉक्टर एक आणि थिएटरं तीन, म्हणून ते नुसते दारातून डोकावून "ठीक ना?" विचारतात आणि पुढे जातात, पेशंटच्या उशाशी राहते इत्तो. आणि मांडीशी कोण? प्रोफेसर लमरीनी! हाडांचा राजा. एरवी दिवसाला दोन पाकिटं ओढणारा, आता सकाळपासून एक झुरका नाही, डोळे लाल, हाताला कंप नाही पण जिभेला आहे. मी कोपऱ्यात माझ्या लॅपटॉपसह. मला बघून म्हणाले, "हा कोण? हां, हातोडीला टिकली लावणारा."

सळई ठोकायला सुरुवात झाली. तुम्ही कधी बघितलंय? बघू नका! लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे शांतपणे टाके घालणं. अहो, मांडीच्या पोकळ हाडात सळई घालतात म्हणजे लोहाराचं दुकान असतं ते! ठण्ण… ठण्ण… अख्खं टेबल हलतंय, बूश्ताचं डोकं उशीवर उड्या मारतंय, रक्त प्रोफेसरांच्या चष्म्यावर, मी मनात म्हणतोय, वा, काय सुंदर आकडे येतायत! आणि तेवढ्यात इत्तो म्हणाली, "थांबा प्रोफेसर, प्रेशर उतरतंय."

ठण्ण.

"प्रोफेसर, थांबा म्हणतेय! हाडातली चरबी रक्तात गेलीय, ऑक्सिजनही उतरतोय!"

ठण्ण! "तू तुझी नळी सांभाळ गं, मी माझं हाड सांभाळतो!" ठण्ण!

आता मी. मला गप्प बसता येतं का? कॉलेजात शिकवलंय ना, अन्याय दिसला की बोलायचं! मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, "प्रोफेसर, लल्ला इत्तो थांबा म्हणतायत!"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, हातातली हातोडी माझ्यावर फेकली.

फेकली! झेल म्हणून नाही, मर म्हणून! ती येऊन बसली इथे, कपाळाच्या डाव्या बाजूला, तिथून उसळली ती थेट वर दिव्याला, दिवा गरागरा फिरला. मी मागे कोसळलो, कोसळताना हाताला जे लागलं ते धरलं, ती मॉनिटरची तार, ती निघाली. आणि ढुंगण जिथे टेकलं तिथे होतं जाळणीचं पेडल, ते लागलं गुंईंई करून बोंबलायला! वर मॉनिटरवर सरळ रेघ. कोणीतरी ओरडलं, "गेला!" मला वाटलं, मी गेलो. इत्तो ओरडली, "अरे मुडद्या, तार लाव आधी!" मी लावली. तर प्रेशर कुठल्या कुठे, जवळजवळ नाहीच! मग काय, इत्तो स्टुलावर चढली आणि बूश्ताची छाती दाबायला लागली. अशी दाबली, अशी दाबली, की बरगडी मोडल्याचा आवाज मी खाली पडल्या पडल्या ऐकला. माझ्या डोळ्यांत रक्त, तिच्या तोंडून शिव्या, प्रोफेसर भिंतीला टेकलेले… आणि नाडी आली. आणि भोंगा वाजला.

भोंगा वाजला आणि कोणीतरी माझ्या तोंडात खजूर कोंबला. अजून मी उठलोही नव्हतो! प्रोफेसर बाहेर जाऊन एक सिगरेट ओढून आले आणि तुम्हाला सांगतो, वेगळाच माणूस आला. डोळ्यांत पाणी. माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, टेंगळाच्या शेजारी चुंबन घेतलं. "पोरा, माफ कर, रोजा होता." आणि आजूबाजूचे सगळे, हातात हरीराच्या वाट्या, "माफ कर, माफ कर, पवित्र महिना आहे!" मी काय म्हणणार? तोंडात खजूर, डोळ्यांत रक्त… म्हटलं, "माफ." टाळ्या पडल्या. मला शेबाकिया दिली, मोठी.

इथवर ठीक होतं हो! एक टेंगूळ, मी पचवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकावर बूश्ताचे तीन मेहुणे, हातात ऑलिव्ह झोडायच्या काठ्या. "आमच्या माणसाचं हृदय कोणी थांबवलं?" आणि प्रोफेसर लमरीनी, माझ्या डोक्याचं चुंबन घेणारे प्रोफेसर, डायरेक्टरांसमोर सांगतात काय? "भूल देणारी बाई उपाशीपोटी पेंगत होती. प्रेशर आधीच उतरलं होतं, हिने उशिरा सांगितलं." झालं! मेहुण्यांना नाव मिळालं. इत्तो त्या दिवशी मागच्या दाराने, धुण्याच्या कपड्यांच्या गाडीत बसून घरी गेली. तिच्या खिडकीची काच संध्याकाळी फुटली. आणि डायरेक्टर म्हणाले, चौकशी होईल, दोष निघाला तर नोकरी जाईल, वर खटला.

ती माझ्याकडे आली. चेहरा असा, की मी उभाच राहिलो. म्हणाली, "अनवार, तूच सांगत होतास ना सगळ्यांना, यंत्रं खोटं बोलत नाहीत म्हणून? विचार की तुझ्या यंत्रांना, मी कधी सांगितलं ते."

छाती फुगली माझी! म्हटलं, लल्ला, निश्चिंत राहा, याच दिवसासाठी मी जन्मलोय! बसलो. कॅमेऱ्यात तिचा पहिला "थांबा" सापडला. मॉनिटरमध्ये प्रेशर उतरायला लागलं ती जागा सापडली. एक जुन्या वेळेत, एक नव्या. तासाभराचा फरक काढला, दोन्ही शेजारी ठेवली, आणि…

चार मिनिटं! प्रेशर उतरल्यानंतर चार मिनिटांनी ती बोलली, असं निघालं!

माझ्याच यंत्रांनी तिला फासावर चढवलं हो! आणि डायरेक्टर काय म्हणाले ठाऊक आहे? "वा अनवार! तुझा प्रकल्प कामाला आला!" पहिल्यांदा! पहिल्यांदाच त्या माणसाला माझा प्रकल्प आवडला, तो हा! मला वाटलं तो लॅपटॉप त्यांच्या डोक्यात घालावा, तसाच, उघडलेला. आणि इत्तो? तिच्या शिव्या ऐकायची सवय आम्हाला, त्या दिवशी ती गप्प. त्या गप्पपणापेक्षा हातोडी परवडली.

पण मी तिथेच होतो ना! माझ्या कानांनी ऐकलं होतं! आकडा पडायला लागला त्याच क्षणी ती बोलली होती. मग चार मिनिटं आली कुठून? कॅमेरा तास आपला आपण बदलतो, पण मिनिटं माणूसच लावतो! धावत गेलो कॅमेऱ्याचं घड्याळ लावणाऱ्याकडे. म्हटलं, हे घड्याळ कशावरून लावलंस? म्हणाला, "माझ्या मनगटावरून." मनगटावरचं बरोबर आहे का? "चार-पाच मिनिटं पुढे ठेवतो, बस चुकू नये म्हणून." कधी लावलंस? "आठवत नाही." बघू मनगट? म्हणाला, "ते घड्याळ हरवलं. का, जुनं हवंय की नवं?"

बस चुकू नये म्हणून! एका माणसाची बस चुकू नये म्हणून एका बाईची नोकरी जाणार!

तोंडी सांगून कोण ऐकतंय. मला हवी होती एक खूण. चारही यंत्रांनी एकाच क्षणी टिपलेली एक खूण. ती मिळाली की ती एकावर एक ठेवायची, मग कोणाचं घड्याळ काय म्हणतं याला काही किंमतच नाही! हातोडीच्या घावांवरून जुळवायला बसलो, तर घाव शेकडो आणि सगळे सारखे, एक घाव इकडेतिकडे झाला की सगळं सरकतं. वेगळा असा एक क्षण हवा होता, उभ्या ऑपरेशनमध्ये एकदाच घडलेला, चौघांनी पाहिलेला… आणि मी कपाळावर हात मारला. आणि किंचाळलो. कारण उत्तर तिथेच होतं!

ती हातोडी! हातोडी कपाळावर बसली, सेन्सरमध्ये शिखर. दिव्याला लागली, कॅमेरा हलला. तार निघाली, मॉनिटरवर सरळ रेघ. पेडल दाबलं गेलं, जाळणी बोंबलली. सगळं एका दमात! माझं कपाळ हेच आमच्या हॉस्पिटलमधलं एकमेव खरं घड्याळ! खुणा एकावर एक ठेवल्या, आणि इत्तोचा "थांबा" बरोब्बर तिथे जाऊन बसला जिथे प्रेशरची रेघ पहिल्यांदा वाकली. एक श्वास इकडे नाही, एक श्वास तिकडे नाही. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

चौकशी थिएटरमध्येच ठेवली, यंत्रं चालू करून, कारण डायरेक्टर म्हणाले मला डोळ्यांनी दाखव. मॉनिटरला कोणीतरी माणूस जोडायला हवा, तर मेहुण्यांतला थोरला म्हणाला मी झोपतो, आमच्या बाजूचं कोणी असलंच पाहिजे. झोपला टेबलावर, काठी छातीशी धरून. इत्तो उशाशी उभी, हात घट्ट बांधलेले. प्रोफेसर मांडीशी. आणि वेळ? डायरेक्टरांनी पाचची ठेवली होती, अर्धे लोक चारला आले, अर्धे पाचला, सगळे एकमेकांना विचारतायत, जुनी की नवी, जुनी की नवी… आणि सुरुवात झाली तेव्हा शेवटचा तास लागला होता!

मी खुणा दाखवल्या. म्हटलं, हा तो क्षण, प्रोफेसरांनी हातोडी फेकली तो.

प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "कोणती हातोडी?"

डायरेक्टर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अनवार, तू माफ केलं होतंस ना? सगळ्यांदेखत? खजूर खाऊन?" म्हटलं, हो. "मग आता पुन्हा काढतोस? पवित्र महिन्यात?" आणि टेबलावरचा मेहुणा, झोपल्या झोपल्या, "शरम नाही का तुला? माफ केलेलं परत घेतोस? उद्या लग्नात दिलेली पोरगी परत मागशील!" अहो, ज्याच्या बाजूने चौकशी चालली आहे तोही प्रोफेसरांच्या बाजूने! मी म्हटलं, मी माफी परत घेत नाही, मी फक्त वेळ मागतोय! माफ केलं म्हणून ती हातोडी फेकलीच गेली नाही का?

प्रोफेसर म्हणाले, "हातोडी हातातून निसटली, खाली पडली, एवढंच. दिवा रोज कोणाचं तरी डोकं लागून हलतो, तार रोज निघते, हा पोरगा रोज कशावर तरी बसतो. तीन वेगळ्या वेळचे तीन अपघात घेतलेस आणि तू त्यांची मोळी बांधलीस. एका हातोडीने हे सगळं होऊच शकत नाही."

"होऊ शकतं."

"होऊ शकत नाही! मी हाडं ठोकतोय तू जन्मायच्या आधीपासून! इथून फेकली तर तिथे लागेलच कशी? आणि लागली तर वर दिव्याला उसळेल कशी?" आवाज चढला, शेवटचा तास, सिगरेट नाही, डोळे लाल… हातोडी त्यांनी कधी उचलली मी पाहिलंच नाही. "ए शहाण्या! कुठे उभा होतास? इथे? इथे उभा होतास?"

आणि मला कळलं. हात वर गेला तेव्हाच कळलं, काय होणार ते. खाली बसायला वेळ होता हो, भरपूर वेळ होता! मागच्या वेळी नव्हता, या वेळी होता. पण खाली बसलो असतो तर कपाळ वाचलं असतं आणि इत्तो गेली असती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. मी एक पाऊल सरकलो. मागे नाही, डावीकडे, बरोबर त्या दिवशीच्या जागेवर. म्हटलं, "हो प्रोफेसर. इथे."

"मग बघ! अशी फेकली तर काय होतं…"

ठण्ण!

कपाळ. दिवा गरागरा. तार. पेडल. गुंईंई! मॉनिटरवर सरळ रेघ, आणि टेबलावरून मेहुणा काठीसकट उठून बसला, "मेलो का मी? लल्ला, सांगा, मेलो का?" इत्तो म्हणाली, "गप रे, तू नाही, तो!" आणि माझ्याकडे धावली. आणि मी जमिनीवर, रक्तात, हसतोय. कारण स्क्रीनवर चार खुणा उमटल्या होत्या, एकाखाली एक, जुन्या चारांच्या बहिणीच! तोच क्रम, तेच अंतर. डायरेक्टर वाकून बघत होते. बघितलं, पुन्हा बघितलं, मग चष्मा काढला. म्हणाले, "प्रोफेसर, आता असं तर म्हणू नका की ही पण निसटली."

मेहुणा टेबलावरून उतरला, इत्तोसमोर जाऊन उभा राहिला, काठी तिच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "लल्ला, खिडकीची काच मी बसवून देतो." ती म्हणाली, "जाड बसव, तुला आणखी दोन भाऊ आहेत." निर्दोष सुटली. नोकरी राहिली. प्रोफेसरांना समज दिली म्हणे. समज! मला सात टाके, त्यांना समज! तिकडे वॉर्डात बूश्ता शुद्धीवर आला, आणि मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचं पहिलं वाक्य काय? "रांगेत माझाच नंबर होता."

आणि सगळ्या यंत्रांना एक घड्याळ? ती वायर? "ईदनंतर."

टाके घालत होती इत्तो, तेवढ्यात भोंगा वाजला. पुन्हा कोणीतरी माझ्या तोंडात खजूर कोंबला. पुन्हा प्रोफेसर बाहेर गेले, एक सिगरेट ओढून आले. पुन्हा डोळ्यांत पाणी, पुन्हा माझं डोकं दोन्ही हातांत, चुंबनाला जागा शोधतायत, सापडेना… "पोरा, माफ कर. रोजा होता." आणि भोवती त्याच वाट्या, तेच लोक, "माफ कर, माफ कर!"

मी खजूर गिळला. मी शिकलेला माणूस, म्हटलं या वेळी तरी हिशेब नीट होऊ दे. विचारलं, "कोणत्या टेंगळाबद्दल, प्रोफेसर? जुन्या की नव्या?"

त्यांनी दोन्ही टेंगळांकडे बघून घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दोन्ही एकदमच कर की रे. तुला जुळवता येतं ना?"

…जुळवलं. काय करता!